जुनी इटालियन फटफटी : घ्यावी की न घ्यावी?



जुनी वस्तू विकत घेण्याचा व्यवहार नव्या खरेदीपेक्षा नेहमीच अवघड असतो. नवी वस्तू घेताना आपण केवळ वस्तू घेतो. जुनी घेताना तिच्याबरोबर पहिल्या मालकाच्या सवयीही विकत घेतो. त्याने ती जपली असेल तर त्या जपणुकीचा लाभ आपल्याला मिळतो आणि तिची हेळसांड केली असेल तर त्या हेळसांडीचे देणे आपल्याला फेडावे लागते. ही जुनी वस्तू म्हणजे इटालियन मोटारसायकल असेल, तर प्रश्न आणखी बिकट होतो. कारण ह्या यंत्रांच्या सौंदर्याची कीर्ती जितकी मोठी, तितकीच त्यांच्या बेभरवशाची अपकीर्तीही मोठी आहे.

इंदूर, बडोदा, हैदराबाद, पणजी अशा शहरांतून आज आठ-दहा वर्षे वापरलेल्या डुकाटी मोटारसायकली विक्रीस निघतात. नव्या गाडीच्या मानाने त्यांची किंमत पुष्कळच खाली आलेली असते. नोकरीत स्थिरावलेला एखादा तरुण, ज्याने शाळकरी वयापासून ह्या गाड्यांची चित्रे पाहिली आहेत, तो साठवलेल्या पैशांकडे एकदा पाहतो आणि त्या गाडीकडे एकदा पाहतो. घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, ‘हा पांढरा हत्ती दारात कशाला बांधायचा?’ मित्र सांगतात, ‘घाटात बंद पडली की कळेल.’ मन मात्र दोघांचेही ऐकायला तयार नसते. अशा वेळी केवळ हौसेवर भिस्त ठेवणे जितके चुकीचे, तितकेच केवळ ऐकीव भीतीने मागे फिरणेही चुकीचे. म्हणून ह्या अपकीर्तीत तथ्य किती आणि तिचे मूळ कोठे आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. ‘भरवसा नाही’ हे शब्द आपण दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरतो. न सांगता दांडी मारणाऱ्या नोकराचा भरवसा नसतो. तो कधी येईल आणि कधी येणार नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. पण एखादा गवई तंबोरा नीट जुळल्याखेरीज गायला बसत नाही, त्याला आपण बेभरवशाचा म्हणत नाही. तो काटेकोर आहे असे म्हणतो. त्याची मागणी आधीपासून ठाऊक असते. ती पुरी केली की तो मैफल रंगवतो. पुरी केली नाही, तर दोष यजमानाचा. यंत्रांचेही असेच आहे. काही यंत्रे पूर्वसूचना न देता बिघडतात. काही यंत्रे मात्र ठरावीक वेळी ठरावीक सेवा मागतात आणि ती न मिळाल्यासच बिघडतात. इटालियन मोटारसायकलीच्या बाबतीत ह्या दोन्ही गोष्टी थोड्या-थोड्या खऱ्या आहेत. परंतु दुसरीचे प्रमाण पहिलीपेक्षा फार मोठे आहे. खरेदीदाराने हा फरक ध्यानात घेतला, तर अर्धे काम झाले.

आता ह्या गाड्यांच्या घराण्याविषयी थोडेसे. रेडिओच्या श्रोत्यांना ऐकून कौतुक वाटेल, की डुकाटी ह्या नावाची सुरुवात फटफटीपासून नव्हे, तर रेडिओपासून झाली. बिनतारी संदेशवहनाचा प्रवर्तक मार्कोनी ज्या बोलोन्या शहरात जन्मला, त्याच शहरात १९२६ साली डुकाटी पितापुत्रांनी रेडिओला लागणारे विद्युत्-घटक बनविण्याचा उद्योग सुरू केला. पुढे शहराबाहेर बोर्गो पानिगाले येथे त्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. १२ ऑक्टोबर १९४४ रोजी दोस्तांच्या बाँबवर्षावात तो उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर पोळलेल्या इटलीला हवे होते स्वस्त वाहन. सायकलीला जोडता येणारे ४८ सी.सी.चे एक चिमुकले इंजिन १९४६ पासून ह्या कारखान्यात तयार होऊ लागले. त्याचे नाव होते ‘कुच्चोलो’, म्हणजे कुत्र्याचे पिल्लू. त्याचा आवाज तसाच होता. रेडिओचे भाग करणारा कारखाना मोटारसायकलीचा कारखाना झाला तो असा.

१९५४ साली फाबिओ ताल्योनी नावाचा तरुण अभियंता तेथे आला आणि पुढची तीन दशके त्याने ह्या कारखान्याच्या इंजिनांना वळण लावले. त्याचे लक्ष शर्यतींवर होते. शर्यतीत जे सिद्ध झाले, तेच पुढे रस्त्यावरच्या गाडीत उतरले. १९७२ साली इटलीतील इमोला येथील दोनशे मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट ह्या इंग्लिश स्वाराने डुकाटीला विजय मिळवून दिला आणि तिचे नाव जगभर झाले. पण शर्यतीच्या घोड्याचे गुण आणि टांग्याच्या घोड्याचे गुण एक नसतात, ही गोष्ट ग्वाल्हेर-बडोद्याच्या जुन्या पागा ज्यांना ठाऊक आहेत त्यांना वेगळी सांगायला नको. जातिवंत घोड्याची किंमत एकदाच मोजावी लागे. त्याच्या मोतद्दाराचा आणि खुराकाचा खर्च रोजचा असे.

ह्या काटेकोरपणाचे मूळ इंजिनाच्या झडपांत आहे. चार फेऱ्यांच्या कोणत्याही इंजिनात इंधनमिश्रित हवा आत घेण्यासाठी आणि धूर बाहेर सोडण्यासाठी झडपा असतात. मेकॅनिक मंडळी त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. नेहमीच्या इंजिनात कॅम नावाचा फिरता उंचवटा झडप दाबून उघडतो आणि स्प्रिंग तिला परत मिटवते. इंजिन मिनिटाला आठ हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला चार हजार वेळा, म्हणजे सेकंदाला साठाहून अधिक वेळा उघडते आणि मिटते. १९५०च्या सुमारास मिळणाऱ्या पोलादाच्या स्प्रिंगांना शर्यतीचा वेग सोसणे जड जाई. त्या तुटत, किंवा झडप वेळेवर मिटवू शकत नसत. ताल्योनीने स्प्रिंगेवर विसंबणेच सोडून दिले. झडप उघडायला एक कॅम आणि मिटवायला दुसरा, अशी योजना त्याने १९५६ साली शर्यतीच्या १२५ सी.सी.च्या गाडीत यशस्वी केली. तिला ‘डेस्मोड्रोमिक’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘डेस्मॉस’ म्हणजे बंध आणि ‘ड्रोमॉस’ म्हणजे धाव. बांधलेली धाव, असा त्याचा अर्थ. १९६८ पासून ही योजना कारखान्याच्या रस्त्यावरच्या गाड्यांतही आली.

ह्या योजनेची किंमत कोणती? नेहमीच्या इंजिनात प्रत्येक झडपेपाशी एक बारीक फट मोजावी लागते. येथे दोन, उघडण्याच्या बाजूची एक आणि मिटण्याच्या बाजूची दुसरी. दोन सिलिंडर आणि प्रत्येकी दोन झडपा असलेल्या साध्या डुकाटीत अशा आठ फटी होतात. प्रत्येकी चार झडपा असलेल्या इंजिनात सोळा. फट वाढली किंवा कमी झाली असेल तर ‘शिम’ नावाचे योग्य जाडीचे छोटे तुकडे घालून ती पुन्हा नेमकी करावी लागते. हे काम अवघड जादूचे नाही; पण वेळखाऊ आहे, आणि पूर्वी केलेल्या हाताचेच आहे. मजुरीचा आकडा पाहून मालकाच्या कपाळाला आठ्या पडतात त्या इथे. सध्या आपल्याकडे जुन्या बाजारात अधिक दिसणाऱ्या ८०३ सी.सी.च्या, हवेने थंड होणाऱ्या मॉन्स्टर आणि स्क्रॅम्बलर गाड्यांत ही तपासणी दर बारा हजार किलोमीटरला सांगितलेली आहे. २०२० साली जाहीर झालेल्या मल्टिस्ट्राडाच्या चार सिलिंडरी इंजिनात ह्याच कारखान्याने ही योजना बाजूला ठेवून पुन्हा स्प्रिंगा वापरल्या आणि झडपांची तपासणी साठ हजार किलोमीटरवर नेली. पोलाद सुधारल्यावर जुन्या युक्तीची निकड राहिली नाही. परंतु आपण ज्या जुन्या गाडीपुढे उभे आहोत, तिच्यात मात्र जुनीच युक्ती आहे आणि तिचे नियम पाळल्यावाचून गत्यंतर नाही.

झडपांच्या फटींहूनही महत्त्वाचा भाग पुढचा आहे. कॅम फिरवायला पूर्वी दंडगोल आणि दंतचक्रे असत. १९७९च्या ‘पांताह’ ह्या मॉडेलापासून डुकाटीने त्यांच्या जागी रबरी दातेरी पट्टे आणले. ते स्वस्त, हलके आणि शांत. पण रबर ते रबरच. पट्टा तुटला किंवा त्याचे दाते सरकले, की झडपांचा आणि दट्ट्याचा मेळ सुटतो. वर येणारा दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो आणि क्षणार्धात इंजिनाचा चुराडा होतो. गाडी वेगात असेल तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही; मागचे चाक एकदम अडकण्याचा धोका असतो. म्हणून पट्टे बदलण्याची मुदत किलोमीटरांत आणि वर्षांत, अशी दोन्ही मापांनी दिलेली असते आणि जी आधी येईल ती पाळायची असते. पूर्वीच्या गाड्यांना ही मुदत दोन वर्षांची सांगितलेली असे. अलीकडच्या गाड्यांत ती साधारण पाच वर्षांची आहे. नेमका आकडा त्या-त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा.

जुन्या बाजारातला सर्वांत मोठा भ्रम इथेच आहे. विक्रेता अभिमानाने सांगतो, ‘गाडी फारशी चाललेलीच नाही.’ आणि घेणाऱ्याला वाटते, घबाड हाती लागले. समजा, २०१६ साली नोंदलेली एक स्क्रॅम्बलर आहे आणि ती अवघी नऊ हजार किलोमीटर धावली आहे. बारा हजारांचा टप्पा आलेला नाही, म्हणून मालकाने मोठे काम केलेलेच नाही. पण पाच वर्षांच्या हिशेबाने तिचे पट्टे २०२१ साली बदलायला हवे होते आणि २०२६ साली पुन्हा. ते कारखान्यातून आले तसेच असतील, तर ती नऊ हजारांची ‘नवी’ गाडी वस्तुतः सर्वांत जोखमीची आहे. तिच्या शेजारी तीस हजार किलोमीटर धावलेली, पण प्रत्येक कामाची पावती असलेली गाडी उभी असेल, तर शहाण्याने दुसरीकडे वळावे. बंद घराची जशी पडझड लवकर होते, तशी उभ्या गाडीचीही होते. टायर कडक होतात, ब्रेकचे तेल ओलावा शोषते, बॅटरी मरते, टाकीतले पेट्रोल आंबते. किलोमीटरचा आकडा गाडीचे श्रम सांगतो. तिचे वय सांगत नाही.

मघा सांगितलेल्या दोन अर्थांपैकी पहिला, म्हणजे खरोखरीचा आकस्मिक बिघाड, तो कोठे संभवतो तेही पाहू. इटालियन गाड्यांच्या विद्युत्-व्यवस्थेची अपकीर्ती जुनी आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. इंजिनातून निर्माण होणारी वीज बॅटरीला योग्य दाबाने पुरवणारा रेग्युलेटर हा त्यातला दुबळा दुवा. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असताना बॅटरीवर साधारण साडेबारा व्होल्ट दिसावेत. चालू करून थोडा वेग दिल्यावर ते चौदाच्या आसपास जावेत. बारावरच राहिले किंवा पंधराच्या पुढे गेले, तर काहीतरी बिनसले आहे. वीस-पंचवीस मिनिटे चालवून गाडी तापल्यावर पुन्हा मोजावे, कारण हा दोष उष्णतेने उघडा पडतो.

दुसरी गोष्ट टाकीची. डुकाटीच्या काही मॉडेलांत पेट्रोलची टाकी प्लास्टिकची होती. मद्यार्कमिश्रित पेट्रोलाने तसली टाकी फुगते आणि मग ती आपल्या खाचेत नीट बसत नाही. अमेरिकेत मालकांनी ह्याविषयी सामूहिक दावा लावला होता आणि तो समझोत्याने मिटला. भारतात २०२५ सालापर्यंत पेट्रोलातील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. त्यामुळे आपल्या दृष्टीने ही बाब केवळ परदेशी कुतूहलाची उरलेली नाही. टाकीच्या कडा सांगाड्याला घासतात का, तिचे पुढचे टोक उचललेले आहे का, बिजागरी सुरळीत चालते का, हे हाताने पाहावे. स्क्रॅम्बलरची टाकी पोलादी आहे. तिला ही पीडा नाही, मात्र आतून गंज चढला आहे का ते विजेरीने पाहावे. इंधनाच्या रबरी नळ्या सर्वच जुन्या गाड्यांत तपासाव्यात.

‘इटालियन’ ह्या एका शब्दाखाली सर्व गाड्या एकाच मापाने मोजू नयेत, हेही सांगायला हवे. कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो गावी १९२१ साली स्थापन झालेल्या मोटो गुत्सीची परंपरा अगदी निराळी आहे. तिच्या आडव्या बसवलेल्या, दोन सिलिंडरांच्या साध्या इंजिनात झडपांच्या फटी घरच्या अंगणात, साध्या पान्याने आणि फीलर गेजने जुळवता येतात. दातेरी पट्टा नाही आणि मागच्या चाकाला साखळीही नाही, दांड्याने शक्ती जाते. पण त्याच कारखान्याच्या २००८च्या सुमारास आलेल्या आठ झडपांच्या १२०० सी.सी. इंजिनात कॅमखालचे चपटे भाग अकाली झिजू लागले आणि पुढे त्यांच्या जागी रोलर बसवावे लागले. म्हणजे सोज्ज्वळ घराण्यातही एखादे व्रात्य अपत्य निघते. तेव्हा ‘इटालियन गाडी कशी?’ असे न विचारता, ‘अमुक मॉडेल, अमुक साल, ही गाडी कशी?’ असे विचारावे.

येथवर यंत्राचा विचार झाला. पण विश्वासार्हता ही एकट्या यंत्राच्या अंगी नसते; यंत्र, त्याचे सुटे भाग आणि त्याला ओळखणारे हात ह्या तिघांची ती मिळून कमाई असते. ह्याचा पुरावा आपल्याच अंगणात आहे. व्हेस्पा ही इटलीची स्कूटर. पियाज्योबरोबर झालेल्या कराराने बजाज कंपनी ती १९६०च्या दशकात पुण्याजवळ बनवू लागली. करार १९७१ साली संपला, पण त्या जातीच्या स्कूटरी पुढेही दीर्घकाळ निघत राहिल्या. मराठी मध्यमवर्गाने त्यांवर अख्खे संसार वाहिले. ती स्कूटर मधूनच रुसत नसे असे नाही. सुरू होईना, तर ती एका बाजूला कलती करून लाथ मारायची, हे घरोघरच्या मुलांना ठाऊक होते. तरीही तिला कोणी बेभरवशाची म्हटले नाही. का? तर प्लग, केबल आणि क्लचच्या पट्ट्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत आणि गल्लीतल्या मिस्त्रीला तिचा स्क्रू न् स्क्रू माहीत होता. आराखडा इटालियनच होता. अंतर मात्र मिटले होते.

म्हणून खरेदीचा खरा प्रश्न अंतराचा आहे. २०१५ साली डुकाटीने आपली भारतीय शाखा नव्याने उघडली. त्यापूर्वी तिच्या गाड्या प्रतिनिधीमार्फत येत. सेवाकेंद्रे मोठ्या शहरांत आहेत. बडोदेकराला अहमदाबाद शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्याला सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल. बेळगावकराला पुणे साडेतीनशे आणि बंगळूर पाचशे किलोमीटर. ग्वाल्हेरकराला दिल्ली तीनशेच्या वर. बंद पडलेली गाडी टेंपोत घालून एवढ्या लांब नेण्याचा खर्च आणि त्यापायी पडणाऱ्या रजा ह्यांचा विचार खरेदीपूर्वीच केलेला बरा. जवळच्या शहरात एखादा स्वतंत्र कुशल मेकॅनिक असतो; पण त्याने ह्या जातीच्या इंजिनाचे पट्टे आणि फटी ह्यापूर्वी स्वतः केल्या आहेत का, त्यासाठी लागणारी विशेष हत्यारे त्याच्याकडे आहेत का, हे स्पष्ट विचारावे. ‘बघू, जमेल’ हे उत्तर पुरेसे नाही. आणि नेहमी लागणारा एखादा सुटा भाग, ब्रेकचे पॅड म्हणा किंवा पट्ट्यांची जोडी म्हणा, मागवल्यापासून किती दिवसांत मिळतो, ह्याची चौकशी गाडी घेण्यापूर्वी करून पाहावी. त्या एका चौकशीतून पुढच्या पाच वर्षांचे चित्र दिसते.

प्रत्यक्ष पाहणीस जाताना विक्रेत्याला आधी कळवावे, की गाडी सुरू करून ठेवू नका. इंजिन थंड असतानाच त्याचे खरे रूप दिसते. हात लावून पाहावे. आधीच गरम असेल, तर तसे करण्याचे कारण विचारावे. सुरू होताना फार वेळ लागतो का, धूर निळसर आहे का, आवाजात धातूचा ठोका आहे का, हे ऐकावे. जुन्या कोरड्या क्लचच्या डुकाटींचा खुळखुळाट स्वाभाविक असतो. त्याला घाबरू नये, पण क्लच सुटताना गाडी धक्के देते का ते पाहावे. ८०३ सी.सी.च्या गाड्यांचा क्लच तेलातला आहे; त्यांत तसला खुळखुळाट ऐकू आला, तर ते लक्षण चांगले नव्हे. पुढच्या दांड्यांवर तेलाचा ओघळ, सांगाड्यावर ताज्या रंगाचा ठिपका, हँडलच्या टोकांवर घासल्याच्या खुणा, ह्या गोष्टी विक्रेत्याच्या शब्दांपेक्षा अधिक बोलतात. दोन्ही किल्ल्या मागाव्यात. ह्या गाड्यांच्या किल्लीत चोरीप्रतिबंधक संकेत असतो आणि हरवलेली किल्ली नव्याने करून घेणे खर्चाचे काम आहे.

कागदपत्रांकडे आपली माणसे बहुधा शेवटी वळतात. त्यांकडे पहिल्यांदा वळावे. इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. त्याच राज्यातील हस्तांतरास नमुना २९ आणि ३० लागतात; दुसऱ्या राज्यातून गाडी आणायची तर नमुना २८चे ना-हरकत प्रमाणपत्र हवे आणि नव्या राज्याचा कर वेगळा. कर्जावर घेतलेली गाडी असेल, तर बोजा उतरल्याचा नमुना ३५ पाहावा. सीमाभागातल्या आपल्या वाचकांना हे विशेष लागू आहे. गोव्याची किंवा कोल्हापूरची गाडी बेळगावात वर्षापेक्षा अधिक काळ ठेवायची तर नवी नोंदणी कायद्यानेच आवश्यक आहे. स्वस्त वाटणारा सौदा ह्या एका रकमेने महाग होऊ शकतो. परदेशातून खासगीरीत्या आलेली गाडी असेल, तर सीमाशुल्क भरल्याचे कागद पाहिल्याखेरीज विसार देऊ नये.

आता हिशेब. विक्रेत्याने सांगितलेली किंमत ही गाडीची किंमत नव्हे. तीत राहून गेलेल्या सेवेचा खर्च, टायर-बॅटरीचा खर्च, हस्तांतराचा आणि कराचा खर्च आणि गाडी घरी आणण्याचा खर्च मिळवला, की खरी किंमत हाती येते. सेवाकेंद्राकडून पट्टे आणि झडपांच्या कामाचा लेखी अंदाज आधीच आणावा आणि तो समोर ठेवून घासाघीस करावी; त्यात लाज कसली? आणि ह्याशिवाय खरेदीच्या निदान पाचव्या हिश्शाइतकी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावी. ती खर्ची पडली नाही तर आनंदच. पण ती बाजूला काढल्यावर खिसा रिकामा होत असेल, तर ही गाडी आपल्या ऐपतीबाहेर आहे असे समजावे. किंमत उतरली म्हणून निगराणीचा खर्च उतरत नाही. जुनी डुकाटी विकत घेताना जुन्या गाडीचा भाव मोजावा लागतो. सांभाळताना मात्र दर नव्या डुकाटीचाच लागतो. कित्येकांचे हात पोळतात ते हे न कळल्यामुळे.

तर घ्यावी की न घ्यावी? ज्याला रोज सकाळी नऊ वाजता कचेरीत पोहोचायचे आहे आणि घरात दुसरे वाहन नाही, त्याने हा विचार सोडून द्यावा. त्याच्यासाठी ह्याहून साधी, दणकट वाहने पुष्कळ आहेत. ज्याच्या गावापासून जाणता मेकॅनिक एका दिवसाच्या अंतरात नाही, त्यानेही थांबावे. पण ज्याच्या घरी रोजच्या कामाला वेगळे वाहन आहे, ज्याच्या हाती पावत्यांची पूर्ण मालिका असलेली गाडी आली आहे, ज्याला तिच्या झडपांची आणि पट्ट्यांची तारीख पंचांगातल्या तिथीसारखी पाळता येईल आणि ज्याने राखीव पैसा बाजूला काढला आहे, त्याने केवळ अपकीर्तीला भिऊन मागे फिरू नये. तीन अटी आहेत: गाडीचा इतिहास लेखी असावा, जाणता हात जवळ असावा, आणि राखीव पैसा असावा. तिन्ही जुळल्या तर खुशाल घ्यावी. दोनच जुळल्या तर दुसऱ्या गाडीची वाट पाहावी. बाजारात गाड्या पुन्हा येतात, गेलेली बचत लवकर येत नाही.

आणि घेतलीच, तर पहिल्या आठवड्यात फिरायला निघण्यापूर्वी तिचे पट्टे बदलून घ्यावेत, विक्रेता काहीही सांगो. बदलल्याची पावती त्याने दाखवली असेल, तर मात्र तो खर्च वाचवावा आणि ती पावती जपून ठेवावी. कारण एक दिवस आपणही ती गाडी विकू, आणि तेव्हा समोर उभ्या असलेल्या अनोळखी तरुणाला आपल्या सवयीच विकत घ्याव्या लागणार आहेत.